टनेल चाचणीत (तुटलेला डीएनए तपकिरी रंगवून मरणाऱ्या पेशी शोधतात ती) सगळंच तपकिरी येतंय, मदत हवी आहे

दांडियाबाजारकर: औषध न दिलेल्या गटातसुद्धा प्रत्येक केंद्रक तपकिरी! किट बदलून पाहिलं, तेच. सोमवारी गाईडना स्लाइड दाखवायच्या आहेत. वडोदऱ्यात कुणी करतं का हे? लवकर सांगा.

सूक्ष्मदर्शी: कोणता अवयव? पॅराफिनमध्ये (मेणात) बसवून कापलाय की फ्रोझन, म्हणजे गोठवून? प्रोटिनेज के (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) किती वेळ? टीडीटी (तुटलेल्या डीएनएच्या टोकांना खूण जोडणारं एन्झाइम) न घातलेली स्लाइड कशी आली?

रावपुरा७: टनेल सोडाच. अनेक्झिन व्ही (मरणाऱ्या पेशीच्या पटलाला चिकटणारं प्रथिन) लावा, फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रावर, एका दुपारीत काम होतं. आम्ही कायम तेच करतो.

सूक्ष्मदर्शी: ते कल्चरमधल्या, न फिक्स केलेल्या (रसायनात टिकवून न ठेवलेल्या) पेशींसाठी. पॅराफिनच्या सेक्शनवर पेशीपटल अखंड राहतं कुठे?

दांडियाबाजारकर: रॅटची किडनी, पॅराफिन, 5 मायक्रॉन. प्रोटिनेज 37 अंशांवर अर्धा तास. टीडीटीविना स्लाइड स्वच्छ आहे.

जुनालॅबवाला: म्हणजे पेरॉक्सिडेजचा (तपकिरी रंग आणणाऱ्या एन्झाइमचा) दोष नाही, डीएनए खरंच तुटलेला आहे. पण तो नेक्रोसिसमध्येही (इजेमुळे पेशी फुटून मरते तेव्हाही) तुटतो आणि फिक्सेशनला उशीर झाला तरी तुटतो. किडनीच्या नलिका तर फार लवकर खराब होतात. त्यात तुझं प्रोटिनेज जास्तच झालंय. अख्खी किडनी फॉर्मॅलिनमध्ये टाकली होती का? फॉर्मॅलिन आत शिरायला वेळ लागतो. कडेला रंग कमी आणि आत जास्त आहे का, ते बघ.

रावपुरा७: मग क्लीव्ह्ड कॅस्पेज-3 (पेशी स्वतःहून मरताना सक्रिय होणारं एन्झाइम) करा, टनेलवर भरवसा नकोच.

सूक्ष्मदर्शी: एकट्या कॅस्पेजवर तरी कसा ठेवणार? काही पेशी त्याच्याविनाही मरतात. दोन्ही लागतात.

जुनालॅबवाला: आणि एच अँड ई (पेशींचा आकार दाखवणारा नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग) कुणी बघायचंच नाही का? 1972 साली केर, वायली आणि करी यांनी ॲपोप्टोसिस (पेशीचं ठरवून होणारं मरण) मांडला तो पेशीचा आकार बघून. टनेल आलं 1992 मध्ये. आकसलेली पेशी, तुकडे झालेलं गडद केंद्रक, शेजारी सूज नाही, हे आधी डोळ्यांनी शोधा.

मांडवीची_आई: मध्येच विचारते, मुलीला एम. एस. युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्रीला घालायचंय. बारावीनंतर अर्ज कसा करायचा?

सूक्ष्मदर्शी: ताई, वेगळा धागा काढा, तिथे नक्की सांगतो.

दांडियाबाजारकर: कॉर्टेक्सची (किडनीच्या बाहेरच्या थराची) बाहेरची कड बरीच स्वच्छ आहे, आत सगळं तपकिरी. किडन्या अख्ख्याच आल्या होत्या. आता या ब्लॉक्सचं काय करू?

जुनालॅबवाला: प्रोटिनेज 20 मायक्रोग्रॅम प्रति मिली, खोलीच्या तापमानाला. 5, 10 आणि 15 मिनिटं करून बघ. सोबत डीनेज (डीएनए मुद्दाम तोडणारं एन्झाइम) दिलेली पॉझिटिव्ह स्लाइड हवीच. मोजणी फक्त बाहेरच्या कॉर्टेक्सची, आणि सगळ्या गटांत तेवढाच पट्टा. पुढच्या किडन्या काढल्याबरोबर 3-4 मिमीचे काप करून न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाक. सोमवारी कड आणि आतला भाग, दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखव.