बॉर्डर सज्ज्यावर टाकू का? (नागपूर, नवतप्यातल्या म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांतल्या रविवारी, सोसायटीच्या ग्रुपवर)

सी-४०२: नमस्कार सगळ्यांना. पिलूच्या खोलीत काल वॉलपेपरची बॉर्डर लावून घेतली, छताच्या खाली चारी बाजूंनी, हत्ती अन् फुगे. पाच-पाच मीटरचे चार रोल आणले होते, दीड रोल उरला. कारागीर म्हणे ठेवून द्या, कामी येईल. हे सज्ज्यावर, म्हणजे खोलीतल्या माळ्यावर, टाकायला स्टूलवर उभे आहेत. टाकू का?

ए-३०१ काकाजी: हाव नं, टाक बेटा. सज्जा असतो कशासाठी? आमच्या हॉलच्या बॉर्डरचा रोल २०१६ पासून तिथंच आहे. चार डांबरगोळ्या टाकल्या, झालं.

बी-३०३ काकू: काकाजी, त्यानंतर काढून पाहिला का कधी?

ए-३०१ काकाजी: पाहायचं काय त्यात? कागदच तर आहे.

सेक्रेटरी: उद्या सकाळी टाकी धुणार आहेत. ७ ते ११ पाणी येणार नाही. आजच भरून ठेवा.

सी-२०१ दादा: वहिनी, आधी भाऊंना स्टूलवरून उतरवा. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, सज्ज्याच्या डोक्यावर सरळ स्लॅब. बाहेर ४५ असलं की ती स्लॅब रात्री दहालाही हाताला गरम लागते. आता सांगा, बॉर्डरच्या मागं काय आहे? कोरा कागद, वाळलेला गोंद, का सोलायची पट्टी?

सी-४०२: सोलायची पांढरी पट्टी. सोलली अन् चिकटवली, पाणी-बिणी काही नाही.

सी-२०१ दादा: म्हणजे स्टिकरवाली. वर विनाइल म्हणजे प्लास्टिक, मागं कायम चिकट राहणारा गोंद. ठेवायला हीच सगळ्यात नाजूक. उन्हानं गोंद पातळ होतो अन् कडेनं बाहेर येतो, त्यावर धूळ बसते, रोलच्या दोन्ही बाजूंना काळी चिकट कड तयार होते. मग सोलायला गेलं की पट्टी फाटते नाहीतर गोंद पट्टीसोबतच निघून येतो. थंड जागेत ठेवली तरी हिचा गोंद साधारण वर्ष-दोन वर्षंच भरवशाचा धरा. म्हणून हिचा हिशोब असा की जपायची, पण फार दिवस नाही.

बी-१०४: दादा, आमची पाण्यात बुडवून लावायची होती. ती वेगळी का?

सी-२०१ दादा: हाव, ती वेगळी. तिच्या मागं गोंद वाळवून दिलेला असतो, ओला केला की जागा होतो. तिला उन्हापेक्षा ओलीची भीती जास्त. अन् तिसरी साधी कागदाची, मागं काहीच नाही, खळ आपण लावायची. ती बिचारी सगळ्यात सोशीक. नुसती कसर अन् घडी यांपासून सांभाळली की बास.

बी-३०३ काकू: ओलीचं मी सांगते. आमची ती पाण्यावाली. उरलेला रोल मी समजून-उमजून थंड जागी ठेवला, कूलरच्या बाजूच्या उघड्या कपाटात. मनात म्हटलं इथं काही ऊन लागत नाही. मे महिनाभर कूलरची ओली हवा त्यावर, मग जूनपासून पाऊस. दिवाळीत काढला तर वरचे दोन वेढे सुटले अन् आतला सगळा एक गठ्ठा. सोडवायला गेले तर वरच्या वेढ्यावरची छापील द्राक्षं खालच्या वेढ्याच्या पाठीला चिकटून निघाली. इकडे नुसता पांढरा कागद हाती राहिला. तीन मीटर बॉर्डर गेली की.

सी-४०२: अगं बाई. आमच्याकडे पण कपाट कूलरच्या समोरच आहे.

सी-२०१ दादा: काकूंनी नेमकं सांगितलं. आपल्याकडे हीच गंमत आहे, बाहेरच्या लोकांचे सल्ले इथं अर्धेच चालतात. कोरड्या गरमीपासून वाचवायला जावं तर आपणच घरात कूलरनं ओल करून ठेवतो. अन् दिवसभर कूलर चालला की खिडकी उघडी ठेवूनही ती ओल पूर्ण जात नाही.

ए-००२: दिवाणात ठेवा नं मग. ना ऊन, ना कूलर.

ए-००१ ताई: तळमजल्यावाल्यांनी नको बाप्पा. माझी बहीण अंबाझरी तलावाकडे राहते. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे तलाव ओव्हरफ्लो झाला, तेव्हा तिच्याकडे दिवाणातलं सगळं पाण्यात. गाद्या, लग्नाचे अल्बम, सगळं. तेव्हापासून मी काही दिवाणाच्या खालच्या कप्प्यात कागदाचं ठेवत नाही.

ए-००२: हो, ते खरं.

सी-२०१ दादा: वहिनी चौथ्या मजल्यावर आहेत, त्यांना दिवाण चालेल. त्याहून बरं म्हणजे बेडरूमच्या आतल्या भिंतीचं लाकडी कपाट, मधला कप्पा. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, पश्चिमेच्या तर नकोच, ती संध्याकाळपर्यंत तापते. पावसाळ्यात तीच भिंत ओल धरते.

सी-४०२: अन् कशात ठेवू? रबर लावून पिशवीत टाकला आहे सध्या.

बी-३०३ काकू: रबर काढ आधी!

सी-२०१ दादा: हो, आत्ता काढा. एका उन्हाळ्यात रबर वितळून चिकटतं, पुढच्या उन्हाळ्यात तुकडे पडतात, पण बॉर्डरवर पिवळी रेघ कायमची राहते. सेलोटेप छापील बाजूला तर अजिबातच नको, काढताना रंग घेऊन जाते. सुटू नये म्हणून फॉइलच्या किंवा कापडाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळा, रोल जसा आला त्याच दिशेनं. वरून बटर पेपरची एक पट्टी, अन् टेप लावायचीच तर त्या पट्टीवर. वर्तमानपत्रात नको, शाई उतरते. तुमची बॉर्डर पांढऱ्या जमिनीची आहे, लगेच दिसेल.

सी-४०२: अन् डबा?

सी-२०१ दादा: रोल असतो केवढा, सात इंच उंच, मुठीएवढा जाड. झाकण घट्ट बसतं अशी फरसाणाची मोठी बरणी चालते. धुऊन दोन दिवस पूर्ण वाळवा, तेलाचा वास राहिला तर मुंग्या येतील. बरणी आडवी ठेवायची, रोल आडवा, वर काही रचायचं नाही. उभा ठेवून वर पसारा टाकला की कड दबते, अन् बॉर्डरमध्ये कडेलाच तर नक्षी असते. आत बुटाच्या खोक्यातल्या सिलिकाच्या दोन पुड्या टाका. मी स्वतः तीन इंची पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा घेतो, दोन्हीकडून कॅप. प्लंबरकडं उरलेला मिळतो.

ए-३०१ काकाजी: एवढं तर आपण आजोबांचं मृत्युपत्र नाही जपलं.

बी-२०३: काकाजी 🤣

ए-१०२ डॉक्टर ताई: एक महत्त्वाचं. पिलूच्या खोलीत डांबरगोळ्या नकोत. त्यातल्या नॅफ्थलीनच्या वासानं काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात. ज्यांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचं एन्झाइम कमी असतं त्यांना तर जास्तच, कावीळ होऊ शकते. त्या डब्यात ठेवलेली वस्तू नंतर बाळाच्या कपाटात जाते, म्हणून सांगते.

सी-४०२: बापरे, हे माहीतच नव्हतं. धन्यवाद ताई.

बी-३०३ काकू: मग कसर कशी जाणार? खळीला ती पहिली येते.

सी-२०१ दादा: डबा कोरडा अन् घट्ट असला तर कसर आत शिरतच नाही. मनाला बरं वाटावं म्हणून कडुलिंबाचा पाला टाकायचा तर तो कडकडीत वाळलेला पाहिजे. ओला पाला म्हणजे आपणच ओल आत ठेवली.

बी-१०४: लेबल लावायचं विसरू नका. आम्ही सहा महिन्यांनी पुन्हा त्याच नक्षीचा रोल आणला. लेकीच्या खोलीतला हिरवा अन् हा हिरवा, एक पोपटी दिसून राहिला. दुकानदार म्हणे बॅच वेगळी आहे.

सी-२०१ दादा: मूळ रोलच्या वेष्टणावर डिझाइन नंबर अन् बॅच नंबर दोन्ही असतात. ते वेष्टण फेकू नका, बरणीतच टाका. सोबत चिठ्ठी: कोणत्या खोलीची, कोणत्या महिन्यात लावली, किती मीटर उरली.

सी-४०२: वेष्टण काल कचऱ्यात गेलं 😔

सी-२०१ दादा: डब्यात पाहा, घंटागाडी आज आली नाही.

सी-४०२: सापडलं! चहाची पत्ती लागली आहे, पण नंबर वाचता येतो.

बी-२०३: एक शंका. बरणीतली नवी राहील, भिंतीवरच्या बॉर्डरचा रंग उडेल. मग जोडल्यावर ठिगळ दिसणार नाही का?

सी-२०१ दादा: दिसेल. म्हणून खराब झालेल्या जागी नवी लावायचीच नाही. कपाटाच्या वर, पडद्याच्या मागं असलेला तुकडा हेअर ड्रायरनं गरम करून हळू सोलायचा. तो भिंतीवरच राहिलेला असतो, नव्यापेक्षा जवळचा दिसतो. तो समोर लावायचा अन् बरणीतला नवा कपाटाच्या वर. स्टिकरवालीत हे जमतं. तरी गोंद गेला असेल तर कडेला जरासा नवा गोंद. अन् वर्षानं एकदा बरणी उघडून टोकाचा बोटभर तुकडा सोलून पाहा, गोंद धरतो की नाही ते कळतं.

सी-४०२: ठरलं. बरणी, बेडरूमच्या कपाटाचा मधला कप्पा. हे स्टूलवरून उतरले, अन् सासूबाईंनी फरसाण परातीत काढलं. सगळ्यांनी खायला या.

सेक्रेटरी: सी विंगला आज लिफ्टमध्ये गर्दी होणार.

ए-३०१ काकाजी: (फोटो) (फोटो)

बी-३०३ काकू: हे काय आहे काकाजी? विटेसारखं?

ए-३०१ काकाजी: २०१६. सज्ज्यावरून काढला. एक वेढा सुटत नाही. अन् डांबरगोळ्या तर उडूनच गेल्या, नुसती पुडी उरली. त्या पुडीत कसर.

बी-३०३ काकू: 🤦‍♀️

ए-३०१ काकाजी: दादा, तो पाइपचा तुकडा कुठल्या प्लंबरकडं मिळतो म्हणाला?