मदत हवी आहे : नव्या पेट्रोल कारमध्ये इंजेक्टर क्लीनर कधीपासून वापरावे?

नमस्कार. आमची टर्बो पेट्रोल कार नवी असून वॉरंटीत आहे. इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचे, ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठीच बनवलेले आहे. वापर मुख्यतः पुणे शहरातल्या गर्दीत, कमी अंतराचा होतो. पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी टाकीत इंजेक्टर क्लीनर (पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करण्यासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचे रसायन, म्हणजे एक अ‍ॅडिटिव्ह) ओतण्याचा आग्रह झाला, तो मी तूर्त नाकारला. मायलेज, पिकअप, आयडलिंग यांत काहीही तक्रार नाही.

मॅन्युअल वाचले, कंपनीने मान्य केलेलेच अ‍ॅडिटिव्ह वापरावे एवढेच त्यात आहे, नावे नाहीत. डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने ते हवा आत सोडणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नाही, म्हणून टाकीतल्या क्लीनरने व्हॉल्व्हवरचा कार्बन निघतो हा दावा मला पटत नाही. इंजेक्टर आणि ज्वलनकक्षाला मात्र पॉलिइथरअमाइन (साचलेला थर काढणारे रसायन) असलेल्या क्लीनरचा उपयोग होऊ शकतो. ऑक्टेन बूस्टर मला नको आहे, आणि वॉरंटी धोक्यात घालायची नाही.

अशाच इंजिनाच्या अनुभवी मालकांनी किंवा मेकॅनिकनी कृपया सांगावे : लक्षणे नसताना असे क्लीनर वापरण्यात अर्थ आहे का, असल्यास साधारण किती किलोमीटरनंतर, आणि ते ऑइल बदलण्याच्या आधीच्या टाकीत घालावे की नंतरच्या?