सायकल ट्रॅक असताना सायकली रस्त्यावर कशाला?

स्टीअरिंगवाला (धागाकर्ता):
पुण्यात गाडी चालवणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनातलं लिहितोय, सायकलवाल्यांनी लगेच अंगावर येऊ नका. कोथरूडहून चांदणी चौकातून हिंजवडीला जातो रोज. सायकल वाईट असं माझं म्हणणं नाहीच, पण रस्त्यावर वागायची काही रीत आहे की नाही? रविवारी सकाळी पौड रोडला आठ-दहा जणांचा घोळका, दोघं-तिघं शेजारी शेजारी गप्पा मारत चाललेत, हॉर्न दिला की मागे वळून बघणार आणि गप्पा परत सुरू. सिग्नल यांना लागूच नाही, पाय टेकवायला लागू नये म्हणून डावीकडून हळूच सटकणार. संध्याकाळी तर विचारू नका, अंगात काळा टीशर्ट, मागे दिवा नाही, वर राँग साइडने येणार. आणि ठोकलं गेलं तर चूक कोणाची? मोठ्या गाडीची, ठरलेलंच. टॅक्स आम्ही भरायचा, पीयूसी आमची, इन्शुरन्स आमचा, लायसन्स आमचं. महापालिकेने एवढे ट्रॅक बांधले ते पडून आहेत. माझं मत सरळ आहे, जिथे ट्रॅक आहे तिथे मेन रस्त्यावर सायकल बंद करा आणि सायकलला नंबर प्लेट लावा. बोला.

घाटातला:
ट्रॅक पडून आहेत म्हणता, दादा एकदा गाडी लावून त्यावरून चालून तरी बघा. बीआरटीच्या (बससाठी वेगळ्या लेनच्या) वेळी, म्हणजे २००६ नंतर सातारा रोडला जे ट्रॅक झाले तिथूनच सुरुवात करा. पेव्हर ब्लॉक खचलेले, दर दुकानासमोर गाडी चढवायला रॅम्प, त्यामुळे ट्रॅक सारखा वर-खाली, मध्येच विजेचा डीपी, पुढे टपरी आणि तिचं बाकडं, आणि ट्रॅफिक जाम झालं की उरलेल्या जागेतून बुलेट. आणि हा ट्रॅक संपतो कुठे, तर बरोब्बर चौकाच्या तोंडाशी, जिथे खरी गरज असते तिथे तुम्हाला बसच्या पुढ्यात सोडून देतो. दर शंभर मीटरला ट्रॅकवरून खाली उतरून परत रस्त्यात घुसणं हे सरळ रस्त्यावरून जाण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे कारण मागच्या गाडीला तुम्ही अचानक दिसता.

दुसरं, आम्ही एकदम कडेने का जात नाही. कडेला ड्रेनेजची झाकणं असतात. रस्ता दोन-तीनदा डांबरला जातो, झाकण आहे तिथेच खाली राहतं, चार-पाच इंचाचा खड्डा झाला. पावसाळ्यात त्यात पाणी भरलं की कळतही नाही. कडेने जाणारा सायकलवाला ते चुकवायला झटकन उजवीकडे येतो आणि तेव्हाच तुमचा आरसा त्याच्या कोपराला लागतो. म्हणून आम्ही मुद्दाम कडेपासून आत, सरळ रेषेत चालवतो. तुम्हाला ते माज वाटतो.

शेजारी शेजारी चालवण्याचंही तेच. दहा जण एकामागे एक गेले तर रांग किती लांब होते बघा, ओव्हरटेक करायला तेवढा जास्त वेळ समोरच्या लेनमध्ये राहावं लागणार. जोड्या केल्या तर रांग निम्मी. तिघं शेजारी मात्र मलाही पटत नाही, आमच्या ग्रुपमध्ये त्यावरून शिव्या बसतात.

हिशेबनीस:
टॅक्सचं तेवढं दुरुस्त करतो. गाडीचा कर राज्य सरकारकडे जातो. कोथरूडमधला रस्ता महापालिका करते आणि तिच्या तिजोरीत मिळकतकर भरणारे सगळे येतात, सायकलवाले धरून. बाकी चालू द्या.

स्टीअरिंगवाला:
तिजोरी कुठली का असेना, लायसन्सचं काय? ट्रॅफिकचे नियम माहीत आहेत याची परीक्षा आम्ही देतो ना.

घाटातला:
आरटीओत आठ काढून मिळालेलं लायसन्स का? राहू द्या.

पेठेतला म्हातारा:
नंबर प्लेटवरून आठवलं. आमच्या वेळी पुण्यात सायकलला बिल्ला असायचा हो, नगरपालिकेकडून घ्यावा लागायचा. आणि दिवा नसला तर पोलीस चौकात अडवायचे, चाकातली हवा सोडून द्यायचे, मग घरापर्यंत हातात धरून चालत. डबलसीट दिसला तरी धरायचे. डायनामो टायरला टेकवला की पॅडल जड जायचं म्हणून पोरं तो बंद ठेवायची आणि पोलीस लांबून दिसला की वाकून खटकन लावायची. सांगायचा मुद्दा, नियम होते आणि पाळूनही घ्यायचे. पण तेव्हा रस्त्यावर सायकलीच सायकली, मोटार एखादी. ती बिचारी सायकलींच्या मधून वाट काढायची. आता उलटं झालं आणि बिल्ला मात्र परत सायकललाच लावा म्हणताय, हे काही झेपलं नाही.

दोन मुलांची आई:
मी कारही चालवते आणि माझा मुलगा सातवीत आहे तो सायकलने शाळेत जातो, त्यामुळे दोन्हीकडून बोलू शकते. इथे सगळे ओव्हरटेकवर बोलताय, पण उभ्या गाडीचं दार कोणी काढलंच नाही. कर्वे रोडला कडेला गाडी लावलेली असते, ड्रायव्हर मोबाइलवर बोलत असतो आणि न बघता उजवं दार फाडकन उघडतो. मुलाच्या पुढचा एक मुलगा असाच धडकला, हँडल दाराच्या कडेला अडकून तो रस्त्याच्या मध्यात फेकला गेला, मागची स्कूटरवाली थांबली म्हणून वाचला. दार उघडणारा काय म्हणाला असेल? "बेल वाजवायची ना!"

उपाय फुकट आहे. नेदरलँड्समध्ये लांबच्या हाताने दार उघडायची पद्धत आहे. आपलं स्टीअरिंग उजवीकडे म्हणजे ड्रायव्हरने डाव्या हाताने उघडायचं. करून बघा, अंग आपोआप वळतं आणि नजर आरशावर आणि मागे जाते. डावीकडून उतरणाऱ्याने उजव्या हाताने. मुलाला मी सांगितलंय की उभ्या गाड्यांपासून एक दार उघडेल एवढं अंतर सोडूनच चालव, मागचा कितीही हॉर्न मारू दे. मग तोच मुलगा धागाकर्त्यांना "रस्त्याच्या मध्ये" दिसणार, आहे की नाही गंमत.

श्टुटगार्टकर:
इकडे जर्मनीत २०२० पासून कायद्यातच आकडा घातलाय, सायकलला ओव्हरटेक करताना शहरात किमान दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर. तेवढी जागा नसेल तर मागे थांबायचं, विषय संपला. सुरुवातीला लोकांनी इथेही बोंब मारलीच.

स्टीअरिंगवाला:
साहेब लक्ष्मी रोडला दीड मीटर सोडायचं म्हणजे मला समोरच्या साडीच्या दुकानात शिरावं लागेल. जर्मनीचं जर्मनीत ठेवा.

श्टुटगार्टकर:
म्हणूनच म्हटलं, जागा नसेल तर ओव्हरटेकच नाही. लक्ष्मी रोडला तुमचा स्पीड तरी सायकलपेक्षा किती जास्त असतो? पुढच्या सिग्नलला तोच सायकलवाला परत तुमच्या शेजारी उभा असतो.

आणि स्पीडचं गणित दुप्पट-तिप्पट असं सरळ नसतं. ३० ऐवजी ६० ने गेलात तर धडकेची ऊर्जा चौपट होते. तुमच्यासाठी बंपर, सायकलवाल्यासाठी हाडं. दोघांची चूक सारखी असली तरी किंमत एकच जण मोजतो, म्हणून मोठ्या गाडीवर जबाबदारी जास्त. नेदरलँड्समध्ये तर भरपाईचा कायदाच त्या अंगाने झुकलेला आहे.

लाल डबा:
मी बसवर ड्रायव्हर आहे, शहरातल्याच. एवढंच सांगतो, बसच्या डाव्या अंगाला घुसू नका. मागच्या दाराच्या पुढे आणि पुढच्या चाकाच्या मागे सायकल असली तर मला आरशात दिसतच नाही, आणि स्टॉप आला की मला कडेला घ्यावीच लागते. डावीकडे वळताना बसचं मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून येतं. पुढचं गेलं म्हणून मागचंही जाईल असं समजू नका. माझं तोंड तुम्हाला आरशात दिसलं नाही तर मलाही तुम्ही दिसत नाही. कारवाल्यांनाही सांगणं आहे, ओव्हरटेक करून लगेच डावीकडे वळू नका, सायकलवाला सरळ जातोय हे तुम्ही आत्ताच बघितलेलं असतं तरी त्याच्या पुढ्यात गाडी घालता. दहा सेकंद मागे राहिलात तर काय बिघडतं.

भोसरी ते चाकण:
वरचा सगळा वाद वाचला. हेल्मेट, चष्मा, लाखाच्या सायकली असलेले रविवारचे लोक विरुद्ध कारवाले, असं भांडण चाललंय. पण धागाकर्त्याने काळा टीशर्ट आणि दिवा नसलेली सायकल म्हटली ना, ती कोणाची? एमआयडीसीतली दुसरी शिफ्ट सुटल्यावर या कधीतरी. सिक्युरिटी गार्ड, पॅकिंगची पोरं, साइटवरचे कामगार. सेकंडहँड सायकल, ब्रेकचे रबर झिजलेले, मागचा रिफ्लेक्टर कधीच फुटलेला. राँग साइडने येतात कारण डिव्हायडरला पुढचा कट लांब आहे आणि बारा तास उभं राहून आलेत. हे लोक हा धागा वाचणार नाहीत. २०२२ साली देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ लोक गेले, त्यात पावणेपाच हजारांवर सायकलवाले. ते काय सगळे घट्ट लाइक्राचे कपडे घालणारे हौशी होते?

यांना दंड लावून काय मिळणार, दंड दिवसाच्या हजेरीपेक्षा मोठा व्हायचा. त्यापेक्षा लाल रिफ्लेक्टिव्ह टेप. ट्रकच्या मागे असते तीच, वीतभर तुकडा मडगार्डला आणि थोडी पॅडलला. पॅडल वर-खाली होतं त्यामुळे लांबूनच कळतं की सायकल आहे. आमच्या गेटवर आम्ही स्टँडमधल्या सगळ्या सायकलींना चिकटवली, रोल एकाने आणला, कात्री वॉचमनची. कंपनीची परवानगी वगैरे काही नाही.

दोन मुलांची आई:
हे आमच्या सोसायटीत पण करता येईल, कामाला येणाऱ्या मावशींपैकी दोघी सायकलने येतात. टेप कुठे मिळते?

भोसरी ते चाकण:
ट्रकचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात, ताई. लाल मागे, पांढरी पुढे. चिकटवायच्या आधी मडगार्ड पुसून घ्या नाहीतर पहिल्या पावसात निघते.

स्टीअरिंगवाला:
टेपचं पटलं, बसवाल्या दादांचंही. बिल्ल्याचा मुद्दा सोडतो, पण सिग्नलचं कोणी काही बोललंच नाही. लाल म्हणजे लाल, सायकल असो नाहीतर रणगाडा. रविवारच्या ग्रुपवाल्यांना तर कामाची घाईही नसते. आणि घाटातले, तुम्ही तरी मागे दिवा लावता का?

घाटातला:
सिग्नलला मी थांबतो, जे थांबत नाहीत त्यांची वकिली करणार नाही. दिवा मागे दिवसासुद्धा लुकलुकत असतो. तुम्ही बोपदेव घाटात समोरून आलात की अप्पर (लांबचा झोत) खाली घ्या, तो डोळ्यांवर आला की मला रस्त्याची कडच दिसत नाही.

स्टीअरिंगवाला:
तिथे स्ट्रीट लाइट नाहीत हो, अप्पर नाही तर काय उदबत्ती लावू?

घाटातला:
समोर दिवा दिसला की डिप्पर द्या, गेला की परत अप्पर. एसटीवाले देतात की.