ईएसडी (एंडोस्कोपीतून आतड्याची गाठ खालून सोलून अखंड काढणं): इंजेक्शन देऊनही गाठीचा मध्य उचलला जात नाही, तेव्हा?

प्रश्न: गुदाशयात ३० मिमीची सपाट गाठ. सबम्युकोसात (आतलं अस्तर आणि स्नायू यांमधला थर) द्रव सोडला की कडा फुगतात, मधला भाग तसाच बसलेला. हा खोलवर गेलेला कॅन्सरच समजायचा का? स्नेअरने (तारेच्या फासाने) तुकड्यातुकड्यांत काढली तर?

उत्तर १: लगेच तसं समजू नका. आधी बायोप्सी झाली असेल किंवा गाठ अर्धवट कापली गेली असेल, तर खाली व्रण (जुन्या जखमेचा कडक वण) धरतो आणि चांगली गाठही उचलत नाही. मॅग्निफिकेशनखाली पिट पॅटर्न (पृष्ठभागावरच्या सूक्ष्म छिद्रांची नक्षी) पाहा. तो पार विस्कटलेला असेल तर सरळ सर्जनकडे. तुकडे मात्र नकोत. २० मिमीच्या पुढे स्नेअरमध्ये गाठ अखंड येणं कठीण, आणि तुकड्यांवरून कडा मोकळ्या आहेत की नाही हे पॅथॉलॉजिस्ट सांगणार कसं?

उत्तर २: सहमत. सलाइन पटकन जिरतं. हायलुरोनेट (दाट द्रव) वापरा, त्यात चिमूटभर इंडिगो कार्माइन (निळा रंग). निळा थर म्हणजे सबम्युकोसा, पांढरा चमकदार म्हणजे स्नायू. व्रणाच्या जागी निळं दिसतच नाही आणि तिथेच भोक पडतं. म्हणून दोन्ही बाजूंची निळी पातळी आधी मोकळी करा, त्या रेषेत मधला भाग कापा. आतडं फुगवायला हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड. भोक पडलंच तर क्लिप, पण आधी आजूबाजूची थोडी जागा सोडवून. नाहीतर क्लिपच पुढच्या कापणीला आडवी येते.

उत्तर ३: काढलेली गाठ ताणून, पिना टोचून मगच फॉर्मॅलिनमध्ये. गुंडाळलेल्या तुकड्यावर खोली मोजताच येत नाही, आणि मोठ्या आतड्यात कॅन्सर सबम्युकोसात किती खोल गेला हे ठरवताना १००० मायक्रॉनची (१ मिमीची) रेषा निर्णायक.