सी विंगमधले १ आरके रद्द करून २ बीएचके करतायत. बुकिंग केलेल्यांनी काय करायचं?

मिरकरवाड्याची
नमस्कार मंडळी. बिल्डरचं नाव लिहीत नाही, पण सल्ला तातडीने हवाय.

रत्नागिरीत नाचण्याच्या पुढे एक प्रोजेक्ट चालू आहे. तीन विंग. ए आणि बी मध्ये मोठे फ्लॅट, सी मध्ये सगळे १ आरके, कार्पेट २८ चौरस मीटर, किंमत १६ लाख. जाहिरातीत मोठ्या अक्षरात सी विंगच होती, "नोकरदार आणि कष्टकऱ्यांसाठी हक्काचं घर" म्हणून. आम्ही दुसऱ्या मजल्यावरचा बुक केला. अडीच लाख चेकने भरले. पावत्या आहेत, फ्लॅट नंबर घातलेलं अलॉटमेंट लेटर आहे. कराराचं विचारलं की "प्लॅन रिवाइज होतोय, थोडं थांबा" एवढंच उत्तर.

गेल्या आठवड्यात साइट ऑफिसात नवा नकाशा लावलेला दिसला. जुन्या नकाशात सी विंगच्या पॅसेजला आठ दारं होती, आता चार. दोन-दोन खोल्यांमधली भिंत काढून २ बीएचके केलाय. आमचा ओटा जिथे होता तिथे आता "मास्टर बेड" लिहिलंय. तळमजल्यावरचे फ्लॅट काढून क्लब हाऊस आणि पार्किंग. मुंबई-पुण्याकडून सुट्टीतल्या घरांना मागणी आहे म्हणे.

आमच्यासमोर दोन पर्याय ठेवलेत. ३७ लाखांचा २ बीएचके घ्या, नाहीतर पैसे परत घ्या, तेही बिनव्याजी आणि तो फ्लॅट दुसऱ्याला विकला गेल्यावर. सोबत एक संमतीपत्र दिलंय, "आम्ही स्वखुशीने सुधारित आराखड्यास मान्यता देत आहोत" असं छापलेलं.

मिस्टर बोटीवर खलाशी आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा घर माझ्या लॅबमधल्या पगारावर चालतं. बँकेने जे कर्ज मंजूर केलं ते त्याच पगारावर, १६ लाखांच्या घराला जेमतेम पुरेल इतकं. ३७ लाखांचं नाव काढायची सोय नाही. रजिस्टर करार नाही म्हणजे आमचा हक्कच नाही का? आणि २० टक्के घरं लहान ठेवायचा सरकारी नियम आहे म्हणतात, तो इथे लागतो का?

साळवी स्टॉप
ताई, सही अजिबात करू नका! २० टक्क्यांचा कायदा आहे, बिल्डरला लहान घरं द्यावीच लागतात. शिवाय त्यांच्या माहितीपत्रकावर पंतप्रधान आवास लिहिलेलं मी स्वतः बघितलंय. सरकारी योजना घेतली तर घरं रद्द कशी करणार?

निवृत्त आरेखक
सही करू नका हे बरोबर. बाकी दोन्ही मुद्दे इथे चालणार नाहीत, आणि चुकीचा मुद्दा घेऊन गेलात तर समोरचा वकील तेवढाच धरून बसेल.

२० टक्क्यांची सर्वसमावेशक गृहनिर्माणाची अट १० लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या महापालिकांना आहे, भूखंड ४००० चौरस मीटर किंवा मोठा असेल तर. ठाणे, कल्याण-डोंबिवली, वसई-विरारकडची ती घरं म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीत येतात. रत्नागिरी त्यात बसत नाही. (जिथे अट आहे तिथेही ती सुखाने पाळली जात नाही. नाशिकचा वाद २०२२ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता.) माझ्या मते ही लोकसंख्येची मर्यादा जिल्ह्याच्या ठिकाणांवर अन्यायच आहे. जमिनीचा भाव इथेही बाहेरचा पैसा ठरवतो आणि पगार मात्र गावचे.

पंतप्रधान आवासचं नीट बघा. माहितीपत्रकावर "२.६७ लाख सबसिडी" असं असेल तर ती जुनी कर्जावरची व्याज सवलत. ती ग्राहकाला मिळायची, बिल्डरवर तिने काही बंधन येत नव्हतं. २०१५ च्या योजनेत बंधन होतं ते सरकारच्या भागीदारीतल्या प्रकल्पाला : किमान २५० घरं आणि त्यातली निदान ३५ टक्के दुर्बल घटकांसाठी. तुमचा प्रकल्प तसा मंजूर आहे का ते कागदावर दिसेल.

तुमचं खरं बळ २०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डर आणि घर घेणाऱ्यांच्या व्यवहाराच्या कायद्यात आहे. कलम १४ पाहा. मंजूर नकाशा ग्राहकाला दाखवून झाला की त्याच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये त्याच्या पूर्वसंमतीशिवाय बदल करता येत नाही. इमारतीच्या किंवा सामायिक जागेच्या नकाशात बदल करायचा तर बिल्डर सोडून बाकी ग्राहकांपैकी दोन तृतीयांशांची लेखी पूर्वसंमती लागते. ते संमतीपत्र त्यासाठीच फिरतंय.

आता कलम १३. रजिस्टर करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. तुमच्या १६ लाखांवर ते १ लाख ६० हजार होतात. त्यांनी अडीच घेतले. करार नाही ही तुमची कमजोरी नाही ताई, तो त्यांचा कायदेभंग आहे, आणि पावत्या तुमच्याकडे आहेत.

चिपळूणचा ठेकेदार
मी बांधकामातला माणूस, म्हणून दुसरी बाजू सांगतो. रागावू नका.

लहान घर बांधायला चौरस फुटामागे जास्त खर्च येतो. एका २ बीएचकेच्या जागेत दोन आरके केले की दोन ओटे, दोन मोरी-संडास, दोन मीटर, दोन मुख्य दरवाजे, पाइपांची दुप्पट रांग. चिरा, सिमेंट, मजुरी कशालाच गिऱ्हाईक बघून सूट मिळत नाही. वर लहान फ्लॅटच्या ग्राहकांची कर्जं अडकतात आणि हप्ते लांबतात. लहान बिल्डरचा पैसा तिथेच गुंततो. बदल करावासा वाटतो तो यामुळे.

पण बुकिंग घेतल्यावर आणि ठरल्यापेक्षा जास्त पैसे उचलल्यावर बदल करणं मला मान्य नाही. जमत नव्हतं तर आधीच मोठे फ्लॅट काढायचे होते.

मिरकरवाड्याची
काका, तुमचं म्हणणं समजलं आणि खर्चाचं पटतंही. पण मग सी विंगची जाहिरात का केली? त्या जाहिरातीमुळेच आम्ही आलो. सी विंगमध्ये बुकिंग केलेल्यांत एसटीचे कंडक्टर आहेत, सिव्हिलमधल्या सिस्टर आहेत, मिरजोळ्याच्या कारखान्यात मासळी सोलणाऱ्या दोघी बहिणी आहेत. आमचे पैसे घेऊन पाया भरला. आता आमच्या जागी जी घरं होणार ती वर्षातले दहा महिने कुलूपबंद राहतील आणि शहर चालवणाऱ्यांनी भाड्याच्या खोल्या बदलत फिरायचं. हे मला सहन होत नाही.

ए आणि बी मधले काहीजण सही करतायत असं ऐकलं. त्यांना क्लब हाऊस हवंय. आणि बी मधले बरेच फ्लॅट बिल्डरच्या घरच्यांच्या नावावर आहेत. दोन तृतीयांश ते सहज करतील ना?

खारघरकर
तिथेच त्यांची अडचण आहे. कलम १४ खालचं स्पष्टीकरण वाचा. एकाने स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या नावावर कितीही फ्लॅट घेतले तरी मोजताना तो एकच ग्राहक. कंपनी आणि तिच्या संबंधित संस्थांनाही तेच. त्याच स्पष्टीकरणात "बुक केलेले" असा शब्द आहे, म्हणजे तुम्हीही मोजणीत येता. आमच्या सोसायटीत बिल्डरने बागेची जागा कमी करायला घेतली तेव्हा आम्ही नावांची यादी करून हेच मांडलं. त्यांची दोन तृतीयांश भरली नाही.

शिवाय तुमच्या फ्लॅटची भिंत हलवायला तुमचीच संमती लागते. क्लब हाऊसवाल्यांच्या सह्यांनी ती मिळत नाही.

आधी महारेराच्या, म्हणजे रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या साइटवर प्रोजेक्ट नंबर टाकून मंजूर नकाशा आणि फ्लॅटची यादी उतरवून ठेवा, आजच. सर्वांनी मिळून लेखी हरकत रजिस्टर पोस्टाने पाठवा. महारेराचा सलोखा मंच आहे, पण तिथे बिल्डर तयार झाला तरच बैठक होते. नाहीतर ऑनलाइन तक्रार, फी ५००० रुपये.

पैसे परत घ्यायचे ठरवलंत तरी बिनव्याजी घेऊ नका. जाहिरात खोटी ठरली तर कलम १२ प्रमाणे सगळी रक्कम व्याजासह मागता येते. दर स्टेट बँकेच्या सर्वात वरच्या एमसीएलआरवर (बँकेचा कर्जाचा पायाभूत व्याजदर) २ टक्के.

मिरकरवाड्याची
मला पैसे नकोत, घर हवंय. सी विंगमधल्या सगळ्यांना रविवारी आमच्याकडे बोलावलंय. त्या दोघी बहिणींना तर सहीसाठी रोज फोन येतायत, त्यांच्याकडे आजच जाते. आरेखक काका, सुधारित नकाशाला मंजुरी मिळाली की नुसताच भिंतीवर लावलाय, हे कुठे कळेल?

निवृत्त आरेखक
नगररचना कार्यालयात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागा एवढंच : मूळ मंजूर नकाशा, सुधारित प्रस्ताव आला असल्यास त्याची तारीख, आणि त्यासोबत जोडलेल्या संमतीपत्रांच्या प्रती. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. पण त्याची वाट बघू नका. प्रस्ताव तिथे पडून असेल तर तुमची लेखी हरकत त्याच फाइलला लागली पाहिजे, म्हणून ती सोमवारीच आवकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. अलॉटमेंट लेटरच्या झेरॉक्स सगळ्यांच्या जोडा, मूळ प्रत कोणाच्याही हातात देऊ नका.