सौंद म्हणे नुसत्या मेहनतीने मोठे झाले!

खोडसाळ_पथिक: परवा इथे कुणीतरी लिहिलंय, दलीप सिंग सौंद बघा, पंजाबातून अमेरिकेत गेले, शेती केली, खताचा धंदा केला, वेस्टमोरलंडसारख्या एवढ्याशा गावात जज झाले आणि 1956 ला थेट अमेरिकेच्या संसदेवर, म्हणजे काँग्रेसवर निवडून आले, का तर "रडत बसले नाहीत". अहो, बर्कली विद्यापीठाची गणितातली पीएचडी 1924 ची, आणि माणूस कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीत कापूस वेचणाऱ्या टोळीचा मुकादम! अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या 1923 च्या थिंद निकालाने आपल्या लोकांना नागरिकत्वच बंद, त्यामुळे कॅलिफोर्नियात जमीनही नावावर होत नव्हती. हे गाळलं की माहीतच नव्हतं?

साधा_माणूस: मीच तो लिहिणारा. कायदा सगळ्यांनाच आडवा आला, निवडून किती जण आले? मंदीत बुडाला तरी दिवाळं काढलं नाही, वर्षानुवर्षं कर्ज फेडत बसला. ही मेहनत नाही तर काय?

खोडसाळ_पथिक: भारतीयांना नागरिकत्व खुलं करणारा 1946 चा ल्यूस-सेलर कायदा झाला नसता तर जन्मभर लेट्यूसच लावला असता. त्यासाठी तो स्वतःही झटला, तेही तुम्ही खाल्लंत.

रांगेतला_गडी: त्या कायद्याने भारतातून येणाऱ्यांना कोटा दिला वर्षाला 100 जणांचा! आजही तेच, ग्रीन कार्डला, म्हणजे कायम राहायच्या परवान्याला, एका देशाच्या वाट्याला वर्षाला फार तर 7 टक्के, माझी पोरगी 21 ची झाली की माझ्या अर्जातून बाहेर पडणार.

कुंपणावरची: आले एच-वन-बीवाले, नोकरीच्या व्हिसावर गेलेले! एसीत बसून सौंदच्या पंगतीला बसायचंय यांना.

रांगेतला_गडी: नोकरी गेली की दुसरी शोधायला हातात 60 दिवस, नाहीतर देश सोडा, ताई. एसी काय चाटायचाय?

कुंपणावरची: माझ्या वडिलांचं तिकडे मोटेल होतं, रात्री दोनला बेल वाजली तरी लुंगीवर उठून किल्ली द्यायचे. टाउन कौन्सिलला उभे राहिले तर आपलेच लोक म्हणाले कशाला नसती भानगड, मतं दिली ती मेक्सिकन शेजाऱ्यांनी. तेव्हा कुठे होता तुम्ही रांगेतले?

साधा_माणूस: बरं बाबा, "मेहनत आणि कायदा" असं करतो, झालं समाधान? पण 1950 ला जज म्हणून निवडून आला, नागरिकत्वाला वर्ष झालं नाही म्हणून खुर्ची नाकारली, तरी 1952 ला परत उभा राहून जिंकला. तिथे कायद्याने काय दिवे लावले?

खोडसाळ_पथिक: तिथेही कायद्यानेच अडवलं होतं की! स्वतः काय टाइप केलंत ते वाचा एकदा.

रांगेतला_गडी: त्या 7 टक्क्यांवर मात्र कुणी चकार शब्द काढत नाहीये.