उलव्याचा डोंगर आठवतोय का? (अनुभव धागा)

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. त्या आवारात सुमारे ९० मीटर उंचीचा एक डोंगर होता. भोवती उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वाघिवली, वाघिवलीवाडा, वरचे ओवळे अशी दहा गावं. विमानतळासाठी सुरुंग लावून डोंगर फोडला, गावं उठवली. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात द्यायच्या साडेबावीस टक्क्यांच्या प्लॉटवर खूप बोलून झालंय. इथे डोंगराबद्दल लिहा.

कोंबडभुजेकर
बाबांची होडी होती. अंधारात खाडीतून परतताना ते डोंगराचा काळा आकार बघून बंदर धरायचे. मेअखेरीस माथ्यावर ढग टेकला की आई आधी अंगणातली सुकट उचलायची, मग आम्हाला हाका मारायची. अंदाज चुकल्याचं आठवत नाही. आता मोबाइल बघतो आणि भिजतो.

तरघरची सून
मला डोंगर आठवतो तो फुटतानाचा. भोंगा वाजला की धाकट्याला कडेवर घेऊन अंगणात. मग हादरा, मग धूळ. भाकरीचं पीठसुद्धा झाकून मळायचं. एकदा देवघरातली समई कलंडली, सासूबाई दिवसभर जेवल्या नाहीत. भिंतीचे तडे बघायला माणसं आली, खडूने खुणा करून गेली. घर पाडलं तोवर त्या खुणा तशाच होत्या.

कोल्हीचा
करवंदं. चिकाने चिकटलेले ओठ. बास.

डंपरवाला
मी तिथे दोन वर्षं गाडी चालवली. लोक विचारतात, एवढा डोंगर नेला कुठे? लांब कुठेच नाही. उलवे नदीचा प्रवाह वळवला, खालची पाणथळ जमीन भरून वर उचलली, त्यात हाच दगड गेला. सकाळी वरून भरायचा, खाली ओतायचा. अशा दिवसाला किती खेपा, मोजायचं सोडून दिलं होतं.

चिंचपाड्याची नात
डंपरदादा, त्या खालच्या जमिनीत आमची भातखाचरं होती. राग नाही, तुमचंही पोट होतं.
आजी आता करंजाड्यात तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत खुर्ची टाकून बसते आणि अजून विचारते, "डोंगर कं गेला गो?" मी म्हणते, "आपल्या शेतात." तिला ते पटतं. "मंग भात कं लावला यंदा?" हे मात्र लगेच विचारते. तेव्हा मी चहा ठेवायला आत जाते.